सात वर्षांचा मुलगा भराभर वाचतो, पण चुकीचं वाचतो: घरी काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा दुसरीत आहे, मराठी शाळेत. अक्षरं सगळी येतात, बाराखडी तोंडपाठ आहे. मोठ्यानं वाचायला लाजत नाही, उलट भराभर वाचतो. पण ‘मुलांना’चं ‘मुलाला’ होतं, ‘गर्दी’चं ‘गदरी’ होतं, आणि ‘झाडाखालच्या’सारखा लांब शब्द आला की ‘झाडाखाली’ म्हणून पुढे जातो. मधलेच शब्द गाळतो. टोकलं की चिडतो आणि पुस्तक मिटतो. सासूबाई म्हणतात रोज दहा पानं वाचून घे, आपोआप सुधारेल. शिकवणी लावावी का, असं तुम्ही विचारलंय.

शिकवणीची घाई करू नका, आणि दहा पानंही नकोत. पहिली-दुसरीला शिकवण्यात आणि नंतर वाचनात मागे पडलेल्या मुलांबरोबर काम करण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. तुम्ही वर्णन केलंय तशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना वाचता येत असतं. ती शब्दाची सुरुवात डोळ्यांनी बघतात आणि उरलेला शब्द मनानं पुरा करतात. भाषा चांगली येते म्हणूनच त्यांना हे जमतं, आणि बऱ्याचदा अंदाज बरोबरही निघतो, त्यामुळे सवय मुरत जाते. दहा पानं वाचून घेतली तर हीच सवय दहा पानं मुरेल. तुम्हाला त्याची नजर शब्दाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत न्यायची आहे. त्यासाठी ती नेमकी कुठे निसटते हे आधी कळायला हवं.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस काहीही सुधारू नका, फक्त ऐका. त्यानं आधी न वाचलेला, त्याच्या पाठ्यपुस्तकाच्या तोडीचा साधारण १०० शब्दांचा मजकूर निवडा आणि त्याची झेरॉक्स काढून किंवा वहीत उतरवून तुमच्याजवळ ठेवा. तो पुस्तकातून वाचेल, तुम्ही आपल्या कागदावर टिपाल. शब्द चुकला तर त्यानं जे म्हटलं ते वर लिहा. गाळला तर रेघ मारा. चुकून मग स्वतःच दुरुस्त केला तर ‘स्व’ लिहा आणि ती चूक धरू नका, कारण अशी दुरुस्तीच तर आपल्याला हवी आहे. मुलाचं वाचन असं शब्द न् शब्द टिपण्याची पद्धत न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी रूढ केली आणि पुढे ती जगभरच्या प्राथमिक शाळांत गेली. मुलाला सांगा, ‘तू कसं वाचतोस ते मला लिहून ठेवायचंय, तू वाच.’ चेहऱ्यावर नाराजी दिसू देऊ नका. मुलं वाचताना पानाइतकंच आईच्या कपाळाकडे बघत असतात.

१०० शब्दांत ५ पेक्षा कमी चुका झाल्या तर तो मजकूर त्याला एकट्यानं वाचायला ठीक. ५ ते १० चुका झाल्या तर तुम्ही शेजारी बसून घेण्याजोगा. १० च्या वर गेल्या तर मजकूर कठीण आहे, तो बाजूला ठेवा. चुकत वाचणाऱ्या पुष्कळ मुलांच्या बाबतीत निम्मा दोष पुस्तकाचा असतो. दर सातव्या-आठव्या शब्दाला अडखळावं लागलं तर मोठा माणूससुद्धा अंदाजच करू लागेल.

आता त्या कागदावरच्या चुका वेगवेगळ्या करा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण खरी किल्ली इथेच आहे. ‘लक्ष देऊन वाच’ हे सांगणं निरुपयोगी ठरतं, कारण लक्ष कुठे द्यायचं हे त्यात येत नाही. देवनागरीत नजर निसटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि एका मुलाच्या बहुतेक चुका दोन-तीन जागांवरच होतात.

तुमच्या मुलाची पहिली जागा अनुस्वाराची दिसते. ‘त्याला’ आणि ‘त्यांना’, ‘मुलानं’ आणि ‘मुलांनी’, ‘बाबाने’ आणि ‘बाबांनी’. मराठीत तो एवढासा ठिपका एक की अनेक, अरे की अहो, हे ठरवतो. मुलं तो पाहतच नाहीत, कारण ‘आंबा’, ‘चिंच’, ‘घंटा’ अशा शब्दांत ठिपका पाहिला नाही तरी शब्द ओळखू येतो. तेव्हा ठिपक्यावर अर्थ अडेल अशी वाक्यं द्या. ‘बाईंनी मुलाला खाऊ दिला.’ ‘बाईंनी मुलांना खाऊ दिला.’ दोन्ही चिठ्ठ्यांवर लिहा आणि विचारा, खाऊ कोणत्या चिठ्ठीत जास्त लागेल? मुलगा उत्तर शोधायला परत शब्दाकडे बघतो. त्या परत बघण्यातच सगळं शिकणं आहे. ठिपका बघायला लागला की मग ‘आंबा’त तो म्-सारखा, ‘चिंच’मध्ये न्-सारखा वाजतो हे आपोआप येतं. ते नियम म्हणून सांगायची गरज दुसरीत नाही.

दुसरी जागा रफार. ‘गर्दी’चं ‘गदरी’ होणं, ‘वर्ग’चं ‘वगर’ होणं ही अतिशय सार्वत्रिक चूक आहे, आणि तिच्यामागे कारण आहे. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी उच्चारायचा असतो. डोळ्याला आधी ‘द’ दिसतो आणि मग वरचा र, तोंडातून मात्र आधी र् यायला हवा. मुलगा जे दिसतं त्या क्रमानं बोलतोय, म्हणजे एका अर्थी प्रामाणिकपणे वाचतोय. ‘खुर्ची’ बघा: खाली उकार, वर रफार, त्यालाच चिकटून वेलांटी. सात वर्षांच्या डोळ्यासाठी ही चांगलीच गर्दी आहे. रफाराचे शब्द तोडून लिहून द्या, ‘गर् – दी’, ‘वर् – ग’, ‘खुर् – ची’, आणि शेजारी नेहमीसारखे. आधी तोडलेला वाचेल, मग जोडलेला. मग त्याच्याच हातानं रफार लाल पेन्सिलीनं काढायला लावा. एका बैठकीत पाच-सहा शब्दांपेक्षा जास्त नकोत. रफार पक्का झाल्याशिवाय ‘क्र’, ‘ट्र’ आणि ‘ऱ्य’ त्यात मिसळू नका. र चार तऱ्हांनी लिहिला जातो आणि चारही एकदम दिले तर मुलं गोंधळतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक तिसरीत आला तरी चालेल.

पहिल्या वेलांटीचंही असंच आहे. ती अक्षराच्या आधी काढली जाते आणि नंतर बोलली जाते. ‘दिवा’, ‘किती’ मध्ये मुलं चुकत नाहीत कारण ते शब्द रोजचे आहेत, पण ‘पश्चिम’, ‘स्थिर’ यांत वेलांटी जोडाक्षराच्याही अलीकडे जाऊन बसते आणि मुलगा ‘पशिचम’ वाचतो. तोडून दाखवा, ‘पश् – चिम’.

तिसरी जागा शब्दांच्या शेपट्या, आणि मराठीत माझ्या मते हीच सर्वांत मोठी. आपली भाषा शब्दाला शेवटाकडे जोडत जाते. घर, घरा, घरात, घरातला, घरातल्या, घरातल्यांना. इंग्रजीत जे चार सुटे शब्द असतील ते आपल्याकडे एका शिरोरेषेखाली येतात. मुलगा ‘झाडाखा’ पर्यंत पोहोचतो, आणि पुढचं ‘लच्या’ बघण्याआधीच तोंडातून ‘ली’ निघून जातं. अशा मुलांसाठी मी शब्दांची शिडी करते. वहीत एकाखाली एक लिहायचं:

झाड
झाडा
झाडाखाली
झाडाखालचा
झाडाखालची
झाडाखालच्या

वरून खाली वाचून घ्यायचं, मग खालून वर, मग मधूनच कुठेही बोट ठेवून. त्यानंतर तिन्ही शेपट्या वाक्यात: ‘झाडाखालचा दगड’, ‘झाडाखालची सावली’, ‘झाडाखालच्या मुंग्या’. रोज एक शिडी पुरे. शब्द त्याच्या आवडीचे घ्या. ट्रॅक्टर आवडत असेल तर ट्रॅक्टरवरचा, ट्रॅक्टरमागची, ट्रॅक्टरजवळच्या. लांब शब्दाची भीती जाते, आणि त्याच्याही नकळत डोळा शेवटाकडे धाव घेऊ लागतो. मी पाहिलंय की इतर कशाहीपेक्षा या एका सरावानं वाचनातले अंदाज लवकर कमी होतात.

एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं चुकत असतील, घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ष आणि प, किंवा ‘ख’ऐवजी ‘रव’, तर जोडी समोरासमोर ठेवून शिकवू नका. आधी एकच अक्षर, त्याचे भरपूर शब्द, ते डोळे मिटूनही काढता येईल इतकं पक्कं, आणि मगच दुसरं. तुम्ही ही चूक लिहिलेली नाही, म्हणून लांबवत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: मराठीसाठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं शासनानं २००९ मध्ये ठरवून दिली आणि शाळेच्या पुस्तकांत ती असतात, पण मोबाइलवर आणि बाहेरच्या छापील मजकुरात बऱ्याचदा हिंदी वळणाचा ल आणि श दिसतो. मुलगा मोबाइलवरच तिथे अडत असेल तर ती त्याची चूक समजू नका. दोन्ही वळणं एकदा शेजारी काढून दाखवली की काम होतं.

आता ज्या चुका चुका नाहीतच त्यांबद्दल. पुस्तकात ‘झाडे’ लिहिलंय आणि मुलगा ‘झाडं’ म्हणतो, ‘सांगितले’चं ‘सांगितलं’ म्हणतो. त्यानं शब्द पूर्ण पाहिला, समजून घेतला आणि घरात बोलतात तसा बोलला. याला रेघ मारू नका. काही दिवसांनी सहज सांगा की पुस्तकात असं लिहितात, आपण असं बोलतो. तसंच घरच्या बोलीचं. वऱ्हाडाकडे, खानदेशाकडे ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, कित्येक घरांत ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. मुलाचं बोट डोळ्यावर गेलं तर त्यानं शब्द बरोबर वाचला. ळ आणि ण यांचे उच्चार बोलण्यातून, गाण्यातून, आरामात येऊ द्या. वाचताना आजीच्या बोलीला चूक म्हटलं की मुलाला दोन गोष्टी कळतात, आपल्याला वाचता येत नाही आणि आपल्या घरात नीट बोलत नाहीत. दोन्ही खोट्या आहेत.

च, ज, झ यांचंही सांगून ठेवते. ‘चाक’मधला च वेगळा आणि ‘चार’मधला वेगळा, ‘माझा’तला झ वेगळा आणि ‘माझी’तला वेगळा, पण लिपीत फरक दिसत नाही. शब्द ओळखीचा असेल तर मूल बरोबर बोलतं, अनोळखी असेल तर चुकतं. असाच न दिसणारा आणखी एक भाग म्हणजे गळून जाणारा अ. ‘आवडला’ लिहितो चार स्वरांच्या हिशेबानं, बोलतो मात्र ‘आवड्ला’. ‘करवत’ बोलतो ‘कर्वत’. अक्षर-अक्षर लावत जाणारा मुलगा ‘क-र-व-त’ पर्यंत येतो, पण त्याचं ‘करवत’ व्हायला करवत हा शब्द त्यानं कानानं ऐकलेला असावा लागतो. म्हणून मजकुरात नवा शब्द असेल तर वाचायच्या आधीच गप्पांत तो वापरा. आज ‘पखाल’ येणार असेल तर पखाल म्हणजे काय ते आधी सांगून टाका. ही फसवणूक नव्हे, ही तयारी आहे.

आता शेजारी बसून वाचताना चुकल्यावर काय करायचं. सर्वांत अवघड काम तुमचं आहे: गप्प राहणं. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकात टेड ग्लिन, स्टुअर्ट मॅकनॉटन आणि व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी पालकांना घरी मुलांचं वाचन कसं ऐकावं हे शिकवण्याची एक पद्धत तयार केली. तिचा गाभा असा की चूक झाली की थांबा, लगेच शब्द सांगू नका, वाक्य संपेपर्यंत किंवा पाच सेकंद जाऊ द्या. मग सूचना द्या, आणि मग कौतुक करा. लगेच दुरुस्त केलेल्या मुलांपेक्षा थोडं थांबून दुरुस्त केलेली मुलं स्वतःच्या चुका स्वतः जास्त पकडतात, असं त्यांना दिसलं. वर्गात मलाही हेच दिसलेलं आहे. पाच सेकंद फार लांब वाटतात. मनात आकडे म्हणा. अडखळल्याबरोबर तुम्ही शब्द पुरवलात तर मुलगा पानाकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघायला शिकतो.

‘बाईंनी मुलाला ओळीत उभं केलं’ असं त्यानं वाचलं, आणि छापलंय ‘मुलांना’. वाक्य पुरं होऊ द्या. मग त्या शब्दाखाली बोट ठेवून एवढंच म्हणा, ‘हा शब्द शेवटपर्यंत बघ.’ तरी जमलं नाही तर ठिपक्यावर बोट: ‘इथे काय आहे?’ तरीही नाही तर शब्द सांगून टाका आणि वाक्य पुन्हा वाचू द्या. एका शब्दावर अर्धा मिनिट घालवू नका, तोवर गोष्टीचा धागा सुटतो. ‘चित्र बघून सांग’, ‘काय असेल बरं?’ असं मात्र तुमच्या मुलाला कधीही म्हणू नका. ज्याला अंदाजाचीच सवय आहे त्याला आपण अंदाज करायला सांगतोय असं होईल. मराठी लिपी फारशी फसवत नाही. लिहिलंय ते नीट पाहिलं तर शब्द निघतोच.

कौतुकाचं: ‘शाब्बास’, ‘छान’ यानं फारसं काही होत नाही. ‘तू आधी मुलाला म्हणालास, मग परत बघून मुलांना केलंस, ते मला फार आवडलं’ असं नेमकं सांगा. मुलगा चिडतो ना, त्यावर माझ्याकडचा सर्वांत खात्रीचा उपाय हाच. त्याला दिसतं की आई चुका मोजत बसलेली नाही, त्यानं केलेली दुरुस्तीही तिला दिसतेय.

साधन एकच लागेल. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची वीतभर पट्टी कापा. लांब शब्दावर ती ठेवून डावीकडून एकेक अक्षर उघडत जायचं, ‘झा… झाडा… झाडाखा… झाडाखाल… झाडाखालच्या’. अंदाज करायला जागाच उरत नाही. ओळ चुकत असेल तर हीच पट्टी ओळीखाली धरायची, पण ओळीला चिकटवून धरू नका. आपले उकार खाली लोंबतात आणि पट्टीमागे झाकले जातात. मग ‘पुढे’चं ‘पढे’ होतं आणि आपण मुलाला दोष देतो. बोट ठेवून वाचत असेल तर ठेवू द्या, गरज संपली की बोट आपोआप सुटतं.

जोडाक्षरांवर दोन शब्द. ती ओळखीच्या क्रमानं घ्या. आधी एकाच अक्षराची जोडी, जसं ‘पक्का’, ‘गल्ली’, ‘अण्णा’. मग ‘रस्ता’, ‘पुस्तक’, ‘मस्त’. मग रचे प्रकार, आणि क्ष, ज्ञ शेवटी. शब्द टाळीवर तोडायला शिकवा: ‘रस् – ता’, ‘पुस् – तक’. पहिल्या टाळीत अर्धं अक्षर मागच्याला चिकटतं हे कानाला कळलं की डोळ्याला कळतं. आणि यात तो मागे आहे असं समजून घाबरू नका. बाराखडी आणि जोडाक्षरं मिळून मुलाला शेकडो आकार ओळखावे लागतात. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास करून २००७ मध्ये मांडलं की अशा लिपीत अक्षरांची ओळख पक्की व्हायला तिसरी-चौथीपर्यंतचा काळ जातो. आपली लिपी त्याच जातीची आहे.

लिहिण्यानंही वाचन सुधारतं, याकडे घरोघरी दुर्लक्ष होतं. रोज दोन छोट्या वाक्यांचं श्रुतलेखन घ्या, त्या दिवशी चुकलेले शब्द त्यात गुंफून. ‘मुलांना’ लिहिताना ठिपका द्यावाच लागतो. हात ज्या ठिकाणी थांबला तिथे दुसऱ्या दिवशी डोळाही थांबतो.

तोच मजकूर पुन्हा वाचणं चांगलं की वाईट, असं पालक नेहमी विचारतात. चांगलं. अमेरिकेतल्या जे सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये छोटा उतारा जमेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचण्याची पद्धत मांडली आणि ती अजून टिकून आहे. आठ-दहा ओळींचा उतारा तीन-चार दिवस ठेवा, प्रत्येक वेळी चुका कमी झालेल्या मुलालाच दिसतात. पण आपल्याकडे एक अडचण आहे. मुलं पाठ करण्यात फार तरबेज असतात. दुसरीतला मुलगा अख्खा धडा पुस्तकाकडे न बघता म्हणून दाखवतो, आणि घरचे खूश होतात. तपासायला सोपं आहे: शेवटच्या ओळीपासून वाचायला सांगा, किंवा ‘विहीर हा शब्द कुठे आहे, दाखव’ म्हणा. बोट भिरभिरलं तर धडा पाठ आहे, वाचलेला नाही. मग उतारा बदला.

वेगाबद्दल. तुमच्या मुलाला कुणीतरी, शाळेत किंवा घरात, भराभर वाचलं म्हणून शाबासकी दिलेली असणार. हल्ली शाळांत मिनिटाला किती शब्द वाचले हे मोजतात. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अशी अपेक्षा आहे. पण तिथेही मोजायचे ते बरोबर वाचलेले शब्द, आणि अर्थ समजलेला असला पाहिजे. घरात घड्याळ लावू नका. त्याला म्हणा, ‘मी तुझ्या मागून गोष्टीची चित्रं मनात काढत चाललेय, मला वेळ दे.’ प्रत्येक परिच्छेदानंतर एक प्रश्न विचारा, असा की ज्याचं उत्तर एखाद्या शेपटीवर किंवा ठिपक्यावर अडलेलं असेल. कोण गेलं, एक की अनेक, आधी गेले की आत्ता जातायत? वेग कमी होईल, काही दिवस वाचन अडखळल्यासारखंही वाटेल. घाबरू नका, नजर काम करायला लागली की तसं होतंच. वेग मागून परत येतो.

वेळ रोज १०-१५ मिनिटं, त्याहून जास्त नाही. शाळेतून आल्या आल्या नको आणि जेवून पेंगुळल्यावर नको. त्यातली पहिली चार-पाच मिनिटं सोपं आणि आवडतं काहीतरी वाचायचं, जिथे तो चुकतच नाही. मग आजचा उतारा. मग शिडी किंवा श्रुतलेखन. शेवटी तुम्ही त्याला वाचून दाखवायचं, तो पानाकडे बघत असताना, बोट फिरवत, सावकाश. तुम्ही वाचताना ‘झाडाखालच्या’ कसा पुरा उच्चारता हे त्याच्या कानात जाऊ द्या. सासूबाईंना यात घ्या. त्यांना पुस्तक वाचता येत असो-नसो, गोष्ट ऐकणारं माणूस समोर असलं की मूल शब्द पुरे वाचतं, कारण शब्द गाळला तर आजी विचारते, ‘म्हणजे कुणाला दिलं?’

पुस्तकं आत्ताच्या पाठ्यपुस्तकाहून एक पायरी खालची आणा. ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पायऱ्यांनुसार लावलेल्या आहेत आणि फुकट मिळतात. त्यांतल्या पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या छापून घेता येतील. बाहेर पडलात की एसटीच्या पाट्या, दुकानांची नावं वाचू द्या. ‘कोल्हापूर’ची पाटी वाचून गाडीत चढणाऱ्या मुलाला शेवटपर्यंत वाचायचं कारण आपोआप मिळतं.

एवढं सगळं दोन-तीन महिने नीट केल्यावर चुका कमी व्हायला हव्यात. पहिल्या दिवशीचा कागद जपून ठेवा आणि महिन्यानं तसाच नवा मजकूर घेऊन मोजा. दरम्यान एकदा डोळे तपासून घ्या. चष्मा लागण्याइतकं नसलं तरी जवळचं बघताना दोन्ही डोळे एकत्र जुळत नसतील तर ओळी आणि ठिपके निसटतात. डॉक्टरांना मुद्दाम सांगा की वाचताना शब्द गळतात. सर्दी-कान वारंवार होत असेल तर कानही दाखवा.

तिसरीत गेल्यावरही रोजचे छोटे शब्द चुकत असतील, शिकलेलं आठवड्यात पुसलं जात असेल, बोलण्यात हुशार असलेला मुलगा लिहिण्या-वाचण्यातच अडत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्रासाठीची तपासणी आठव्या वर्षापासून होते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत ती होते, तुमच्या भागासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मात्र तुम्ही लिहिलेल्या चुकांवरून आज मला तशी शंका येत नाही. तो परत बघून दुरुस्त करू शकतो की नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळेल.

शिकवणीचा विचार त्यानंतर करा. लावायचीच झाली तर शिकवणीच्या ताईंना तुमची चुकांची वही दाखवा आणि विचारा, यांवर काय कराल? ‘रोज धडा वाचून घेते’ असं उत्तर आलं तर ते तुम्ही घरीही करू शकता. तीच वही आधी शाळेतल्या बाईंना दाखवलीत तर उत्तम. वर्गात तीस-चाळीस मुलं असताना एका मुलाचा रफार कुठे चुकतो हे बाईंना टिपता येत नाही. तुम्ही ते टिपून नेलंत तर परिपाठाला त्याला द्यायची दोन वाक्यं त्या रफाराची निवडतील, आणि आदल्या संध्याकाळी ती तुम्ही घरी घेऊ शकाल.